अर्धवट मनोरे आणि राहण्याजोगी घरे

स्लॅब पडलेले, कॉलम वर चढलेले, शेवटच्या मजल्यावर सळयांचे झुपके उघडे, आणि भिंती, नळ, वीज, लिफ्ट यांपैकी काहीच पुरे झालेले नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या उंच इमारती आज अनेक मोठ्या शहरांत दिसतात. चीनमध्ये त्यांना ‘लानवेइलोऊ’, म्हणजे शेपूट सडलेली इमारत, म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत ‘रखडलेला प्रकल्प’ हा शब्द रुळला आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या अमिताभ कांत समितीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या अडकलेल्या घरांचा अंदाज सुमारे ४.१२ लाख असा दिला आहे; त्यांतली सुमारे २.४० लाख घरे एकट्या दिल्ली परिसरातली आहेत.

या इमारतींची चर्चा बहुतेक वेळा पैसा, न्यायालय आणि ताबा यांभोवती फिरते. इमारत पूर्ण झाली की प्रश्न मिटला, असे धरून चालतात. परंतु उघड्यावर दहा पावसाळे काढलेला सांगाडा नकाशातल्या सांगाड्याइतका भक्कम असेलच असे नाही. आणि जुन्या नकाशाबरहुकूम पूर्ण केलेले घर राहायला निरोगी असेलच असेही नाही. भिंती आणि गिलावा चढण्याआधीचा काळ हा या दोन्ही गोष्टी तपासण्याचा सर्वांत सोयीचा काळ असतो. तो निसटला की दुरुस्तीचा खर्च आणि गैरसोय राहणाऱ्यांच्या माथी येते.

काम थांबण्याची कारणे फारशी वेगवेगळी नसतात. एका प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळवले जातात, कर्ज महाग होते, जमिनीच्या मालकीचा दावा उभा राहतो, मंजुरीपेक्षा जास्त मजले चढतात किंवा बाजारच बसतो. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाने बँकॉकमधला साथोर्न युनिक हा सुमारे ४९ मजल्यांचा निवासी मनोरा बराचसा बांधून झालेला असताना थांबवला. तो पुढे अनेक वर्षे तसाच उभा राहिला. बैरूतमधल्या बुर्ज अल्-मुर्र या मनोऱ्याचे काम १९७० च्या दशकात यादवी युद्धाने थांबले आणि त्याचा वापर बंदूकधाऱ्यांनी केला. कारण कोणतेही असो, पुढचा क्रम सारखाच असतो: आधी कंत्राटदार निघून जातो, मग पहारेकरी, आणि मग पंप बंद पडून तळघरात पाणी साचते.

अपूर्ण मनोऱ्यात माणसे खरोखर राहू लागली तर काय होते, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये आहे. तिथल्या ४५ मजली वित्तीय केंद्राचे काम १९९० मध्ये सुरू झाले. विकासक डेव्हिड ब्रियेमबुर्ग यांचे १९९३ मध्ये निधन झाले, पुढच्याच वर्षी देशातल्या बँका कोसळल्या आणि काम थांबले. त्यांच्या नावावरूनच इमारतीला ‘तोर्रे दाविद’ म्हणू लागले. २००७ मध्ये बेघर कुटुंबांनी तिचा ताबा घेतला. पुढे तिथे सुमारे ७५० कुटुंबे, जवळपास तीन हजार माणसे, राहू लागली. लिफ्ट नव्हती; वस्ती अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत पोहोचली होती. शेजारच्या वाहनतळाच्या उतारावरून मोटारसायकलवाले लोकांना दहाव्या मजल्यापर्यंत नेत, तिथून पुढे जिने. रहिवाशांनी विटांच्या भिंती बांधल्या, पाणी वर चढवण्याची व्यवस्था केली, वर्गणी ठरवली, दुकाने थाटली, जिने झाडण्याच्या पाळ्या लावल्या.

‘अर्बन-थिंक टँक’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने या वस्तीचा तपशीलवार अभ्यास केला. २०१२ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यावर आधारित मांडणीला सुवर्णसिंहाचा पुरस्कार मिळाला, आणि त्यावरून वादही झाला, कारण दारिद्र्याचे कौतुक होत आहे असे अनेकांना वाटले. तो आक्षेप समजण्याजोगा आहे. तरीही या अभ्यासातून हाती आलेली माहिती मोलाची आहे. मनोरा कार्यालयांसाठी आखलेला असल्याने मजले खोल होते आणि बाहेरून काचेचे आवरण होते. हवा खेळावी म्हणून रहिवाशांनी कुठे काचा काढल्या, कुठे भिंतींना भोके पाडली. काढलेल्या काचेच्या जागी कठडा नव्हता. पडून मृत्यूही झाले. म्हणजे घरात वारा यावा यासाठी मजल्याची कड उघडी ठेवण्याचा धोका पत्करावा लागला. सरकारने २०१४ मध्ये कुटुंबांना हलवायला सुरुवात केली. अनेकांना राजधानीबाहेर, कूआ गावाजवळच्या नव्या वसाहतीत घरे मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये ७.३ तीव्रतेच्या भूकंपात मनोऱ्याचे वरचे मजले एका बाजूला कलले. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्याच इमारतीत तीन हजार माणसे झोपत होती.

रहिवाशांनी स्वतःच्या संघटनेने पाणी, स्वच्छता, सुरक्षितता उभी केली. मात्र आग, भूकंप आणि उंचावरून पडणे या तीन गोष्टी वर्गणीतून सुटणाऱ्या नव्हत्या. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये १ मे २०१८ रोजी हेच अधिक भीषणपणे दिसले. तिथली २४ मजली इमारत अपूर्ण नव्हती, पूर्वीचे सरकारी कार्यालय होते. पण ओस पडल्यावर बेघर कुटुंबांनी तिचा आसरा घेतला होता. रात्री आग लागली आणि काही तासांत संपूर्ण इमारत कोसळली.

रीतसर पूर्ण झालेली उदाहरणेही आहेत. क्राकूवमधल्या एका मनोऱ्याचे काम १९७५ मध्ये सुरू होऊन काही वर्षांतच थांबले. लोकांनी त्याचे नाव ‘श्किएलेतोर’ ठेवले. पोलिश भाषेत ‘श्किएलेत’ म्हणजे सांगाडा. तो तब्बल चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, बळकटीकरण करून कार्यालयांसाठी पूर्ण झाला. स्पेनमध्ये बेनिडोर्मच्या किनाऱ्यावरची ४७ मजली ‘इंतेंपो’ ही निवासी इमारत २००७ मध्ये सुरू झाली, आर्थिक मंदीत अडकली आणि मालकी बदलल्यावर २०२१ मध्ये पूर्ण झाली. सांगाडा जुना झाला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, एवढे या दोन्हींवरून दिसते. मात्र तो कामाचा आहे की नाही, हे लांबून पाहून ठरत नाही.

सांगाड्याचे खरे दुखणे समजण्यासाठी काँक्रीट आणि सळई यांचे नाते पाहावे लागते. ताजे काँक्रीट अत्यंत क्षारीय असते. त्याचा पीएच साडेबाराच्या पुढे असतो. या क्षारीपणामुळे सळईवर पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, क्षारीपणा घटवतो, आणि पीएच नऊच्या आसपास आला की हे संरक्षण संपते. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड हे संरक्षण अधिक वेगाने मोडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुगते, तडकते, पापुद्रे सुटतात आणि पाण्याला आणखी वाट मिळते.

आता अपूर्ण इमारतीची अडचण लक्षात येते. घराच्या आतले स्लॅब आणि बीम पुढे भिंती, गिलावा आणि रंग यांच्या आड जाणार, हे धरून आखलेले असतात. भारतीय मानक ४५६ नुसार अशा सौम्य परिस्थितीत सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर पुरते. किनारपट्टीच्या तीव्र परिस्थितीत ते ४५ मिलिमीटर लागते. काम थांबले की २० मिलिमीटर कव्हर असलेले आतले भाग मुंबई-अलिबागच्या पावसाला आणि खाऱ्या वाऱ्याला थेट तोंड देत राहतात. म्हणून दहा वर्षे राहत्या इमारतीचे आणि दहा वर्षे उघड्या सांगाड्याचे वय सारखे मोजता येत नाही.

तपासणी पायरीपायरीने होते. रिबाउंड हातोड्याने पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो. तेवढ्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण कार्बन शिरलेला पृष्ठभाग उलट अधिक कठीण लागतो. ध्वनिलहरींच्या वेगावरून आतल्या पोकळ्या समजतात. सेकंदाला तीन किलोमीटरपेक्षा कमी वेग आला तर काँक्रीट संशयास्पद मानतात. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फथॅलिन शिंपडले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि कार्बन शिरलेला थर रंगहीन राहतो. ही चाचणी स्वस्त आहे आणि बघणाऱ्या सदनिकाधारकालाही तिचा अर्थ कळतो. हाफ-सेल चाचणीत विद्युत्‌दाब उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्के धरतात. शेवटी काँक्रीटचे दंडगोलाकार तुकडे, म्हणजे कोअर, कापून दाबून पाहतात. त्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकेका तुकड्याची किमान ७५ टक्के हवी. हे सगळे प्रत्येक मजल्यावर करावे लागते. तळमजल्याचे चार नमुने घेऊन वीस मजल्यांना प्रमाणपत्र देणे ही फसवणूक आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावर पुढच्या कॉलमसाठी सोडलेल्या सळया हा सर्वांत दुबळा दुवा असतो. त्या उघड्या असतात आणि पुढचे सगळे मजले त्यांच्याच जोडावर उभे राहणार असतात. थांबताना त्यांना सिमेंटचा पोचारा देऊन हलक्या काँक्रीटमध्ये गाडून ठेवले, स्लॅबच्या मोकळ्या जागा झाकल्या, गच्चीवरचे पाणी उताराने बाहेर काढले आणि तळघराचा पंप चालू ठेवला, तर नुकसान बरेच टळते. एकूण खर्चाच्या मानाने हे काम किरकोळ असते. न्यायालयात प्रकरण चालू असताना एवढे तरी करण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा कोणाचीच नसते.

दुरुस्तीत खराब काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत फोडून काढतात, गंज साफ करतात, जाडी घटली असेल तर जोड सळई देतात आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने किंवा मायक्रोकाँक्रीटने भरतात. कमजोर कॉलमला जॅकेटिंग करतात, म्हणजे भोवती नवे सळयांचे जाळे आणि काँक्रीट चढवतात. जागा कमी असेल तिथे कार्बन तंतूंचे वेष्टण चालते. भूकंपाचे गणित वेगळे करावे लागते. भूकंपरोधक रचनेच्या मानकांत २०१६ मध्ये मोठी सुधारणा झाली आणि ५० मीटरहून उंच इमारतींसाठी स्वतंत्र मानक २०१७ मध्ये आले. त्याआधी आखलेला सांगाडा आजच्या कसोटीवर पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर मजले चढवणे योग्य नाही.

काम थांबलेली जागा आजूबाजूच्या वस्तीच्या आरोग्यावरही घाला घालते. तळघरातले, लिफ्टच्या खड्ड्यातले आणि स्लॅबवरचे साचलेले पाणी डासांना आयते मिळते. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी आणि डेंग्यू पसरवणारा एडिस हे दोन्ही डास अशा पाण्यात वाढतात. मुंबईत बांधकामाच्या जागा आणि हिवताप यांचा संबंध जुना आहे. अशा सांगाड्यांत साचणारी कबुतरांच्या विष्ठेची वाळलेली धूळ फुप्फुसांना सूज आणू शकते, म्हणून ती कोरडी झाडू नये. पाणी मारून, तोंडाला योग्य मास्क लावून काढावी. अर्धवट टाकलेल्या नळांत वर्षानुवर्षे पाणी अडकले असेल तर त्यात लेजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो. अशी नळवाहिनी धुऊन वापरण्यापेक्षा बदललेली बरी.

उजेड आणि हवा हा या विषयाचा गाभा आहे. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेल्या या पाहणीत लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या वसाहतींत, जिथे इमारती एकमेकींना जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत, तिथे अधिक मोकळ्या वसाहतीच्या तुलनेत क्षयरोगाचे प्रमाण बरेच जास्त आढळले. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, हवा हलत नाही. या इमारती पूर्ण झालेल्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या, लिफ्ट असलेल्या आहेत. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला क्षय व्हावा, ही पूर्ण आणि निरोगी या दोन शब्दांमधली दरी आहे.

नोएडातल्या दोन मनोऱ्यांच्या खटल्यात हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत आला. ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मनोऱ्यांमधल्या किमान अंतराचा नियम मोडल्याचे आणि आधीच्या रहिवाशांची संमती न घेतल्याचे ठरवले. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे शंभर मीटर उंचीचे ते अपूर्ण मनोरे स्फोटकांनी पाडले गेले. दोन इमारतींमधले अंतर सुशोभनासाठी नसते. उजेड, वारा आणि अग्निशमनाची वाट त्यावर अवलंबून असते.

सांगाडा उभा राहिल्यावर हे अंतर बदलता येत नाही, परंतु आतली मांडणी बदलता येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दमट उष्ण हवामानात राहत्या खोलीच्या खिडक्यांचे क्षेत्र मजल्याच्या किमान एक षष्ठांश असावे, कोरड्या उष्ण हवामानात एक दशांश. निवासी इमारतींच्या ऊर्जासंहितेतही, म्हणजे २०१८ च्या इको-निवास संहितेत, उघडणाऱ्या खिडक्यांसाठी दमट हवामानात हेच १६.६६ टक्क्यांचे प्रमाण आहे. खिडकीपासून आत नैसर्गिक उजेड साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पटींपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे झोपण्याची खोली ठेवू नये. तिथे कपाटे, न्हाणीघर, ये-जा करण्याची जागा ठेवावी. दोन समोरासमोरच्या बाजूंना उघडणारे घर एका बाजूला उघडणाऱ्या घरापेक्षा कधीही चांगले. म्हणून अंधाऱ्या मधल्या मार्गिकेच्या दोन्ही अंगांना आखलेली लहान घरे एकत्र करून थोडी कमी, पण आरपार हवेची घरे करणे हा खर्चिक असला तरी योग्य उपाय आहे. पश्चिमेकडच्या भिंतीला हलक्या वजनाच्या ब्लॉकचे बांधकाम, खिडक्यांवर खोल छज्जे आणि गच्चीवर उष्णतारोधक थर दिला तर वरच्या मजल्यांची भट्टी होत नाही.

हा बदल किती शक्य आहे, हे बांधकामाच्या पद्धतीवर ठरते. कॉलम-बीमचा सांगाडा आणि विटांच्या भिंती असतील तर भिंती हव्या तिथे उभारता येतात, क्वचित एखाद्या गाळ्याचा स्लॅब कापून चौकही काढता येतो. मायवान पद्धतीत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतील, तर भिंत हाच सांगाडा असतो आणि हात बांधले जातात. ताणलेल्या तारांच्या पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये चुकीच्या जागी कापल्यास तार सुटून अपघात होऊ शकतो. कायद्याचीही अट आहे: रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात मोठा बदल करायला दोन तृतीयांश सदनिकाधारकांची संमती लागते. दहा-पंधरा वर्षे वाट पाहिलेल्या लोकांना ‘आणखी एक नकाशा’ ही कल्पना साहजिकच नकोशी होते. त्यांच्यापुढे प्रत्येक घराचा उजेड, वारा आणि वाढणारा वेळ असा हिशेब स्पष्ट मांडला, तर निर्णय त्यांचा राहतो आणि समजून घेतलेला राहतो.

आगीसाठी किमान गरजा ठरलेल्या आहेत: एकमेकांपासून दूर असे दोन जिने, धूर न शिरणारी त्यांची रचना, पाण्याचा स्वतंत्र साठा आणि पंप, ठरावीक उंचीवर आश्रयक्षेत्र. जुन्या नकाशात एकच जिना असेल तर दुसऱ्यासाठी जागा काढावीच लागते, मग त्यात काही घरे कमी झाली तरी. लिफ्टचे गणितही आरोग्याचेच आहे. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे घरात कैद होतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी तीस मजले पूर्ण करताना लिफ्ट, पंप आणि जनित्र यांचा महिन्याचा खर्च कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

काम पुढे कोणी न्यायचे, याला भारतात काही वाटा आहेत. नोंदणी रद्द झाली किंवा मुदत संपली तर रेरा कायद्याच्या कलम ८ नुसार उरलेले काम करण्याचा पहिला हक्क सदनिकाधारकांच्या संघटनेला मिळतो. महाराष्ट्रात या कायद्याखालच्या महारेरा या प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. २०१८ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी संहितेत घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानले गेले. २३ जुलै २०१९ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोएडातल्या ४२ हजारांहून अधिक ग्राहकांची रखडलेली घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिले. रखडलेल्या घरांसाठी त्याच वर्षी जाहीर झालेल्या ‘स्वामी’ या सरकारी निधीतून ५० हजार घरे पूर्ण झाल्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगण्यात आले आणि आणखी एक लाख घरांसाठी १५ हजार कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासाच्या २००८ च्या करारानंतर घरे सोडली. म्हाडाने २०१८ मध्ये विकासकाशी करार रद्द केला आणि काम २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. इतक्या वर्षांचे भाडे, स्थलांतर आणि मुलांच्या बदललेल्या शाळा कोणत्याच निधीच्या हिशेबात येत नाहीत.

कधी पाडणेच योग्य ठरते. चीनमधल्या कुनमिंग शहरात ऑगस्ट २०२१ मध्ये वर्षानुवर्षे अपूर्ण राहिलेल्या डझनभराहून अधिक उंच इमारती एकाच वेळी पाडल्या. पाया पाण्यात राहून खचला असेल, कॉलमची ताकद बहुतेक मजल्यांवर कमी भरली असेल किंवा दुसरा जिना आणि उजेड कोणत्याही मांडणीत बसतच नसेल, तर दुरुस्तीवर खर्च करत राहण्यात अर्थ नाही. पण आधीच ओतलेल्या सिमेंट आणि पोलादामागे मोठी ऊर्जा खर्ची पडलेली असते, आणि पाडल्यावर राडारोडा टाकायलाही जागा लागते. म्हणून पाडण्याचा निर्णयही त्याच चाचण्यांवर व्हायला हवा.

ताबा दिल्यानंतरचा एक प्रश्न अनेकदा सुटून जातो. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष दिसला तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. खालचे पंधरा मजले एकाने आणि वरचे दहा दुसऱ्याने बांधले असतील, तर आठव्या मजल्यावर फुटलेल्या बीमवरून वाद ठरलेलाच. नव्या कंत्राटदाराने कामाला हात लावताना संपूर्ण सांगाड्याची जबाबदारी लेखी स्वीकारणे हा त्यावरचा सरळ उपाय. सोसायटीच्या दप्तरी कोअर चाचण्यांचे निकाल, दुरुस्त केलेल्या कॉलमची यादी आणि गिलावा चढण्याआधी काढलेली प्रत्येक मजल्याची छायाचित्रे असायला हवीत. पहिल्या दोन पावसाळ्यांत कुठे ओल येते, कुठे तडा वाढतो, याची तारीखवार नोंद त्याच दप्तरात ठेवली, तर पाच वर्षांची मुदत संपण्याआधी दावा करायला रहिवाशांच्या हाती पुरावा राहतो.